पहिल्या घोटाची बोली

रोनक परत आला तो आखाजीच्या आदल्या संध्याकाळी, आणि उंबऱ्यात चपला काढता काढताच त्यानं विचारलं, "बाईला पहिला घोट कोण पाजणार?"

धाकटा भाऊ इतक्या वर्षांनी घरी आला की काय म्हणायचं असतं, याचा जितेंद्रला सराव नव्हता. शिवाय हा प्रश्न त्याला 'या घराचं छत कुणी धरून ठेवलंय' असा वाटला. बाईचं, म्हणजे आईचं, वर्षीतप चालू होतं. एक दिवस जेवण, एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, असं वर्षाच्या वर. ते पाणी उकळून गार करून ठेवलं जितेंद्रनं. आईला स्कूटरवरून जैन स्थानकात, महासतींच्या म्हणजे साध्वींच्या दर्शनाला, नेलं-आणलं जितेंद्रनं. उपवासाच्या दिवशी टीव्हीवर कुणी भजी तळायला लागलं की रिमोट शोधायला धावला जितेंद्र. हे तप आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, उसाच्या रसानं सुटतं, आणि त्या रसाचा पहिला घोट आपल्याच हातून जाणार हे त्यानं वर्षभर इतकं मनात धरलं होतं, की रसवंतीवरून जाताना त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वाटी धरल्यासारखी व्हायची.

पण त्यांच्या खानदानात मान थोरलेपणानं मिळत नसे, बोलीनं मिळे. आणि ही बोली पैशांची नसे. तपस्व्याचा मान तपानंच करायचा, अशी रीत. जो सगळ्यात जड नियम बोलेल, त्याच्या हातचा पहिला घोट. हरलेल्यांच्या बोल्या हवेत विरून जात. जिंकलेल्यानं मात्र घोट पाजून झाल्यावर थेट स्थानकात जायचं, महासतींपुढे हात जोडून पच्चक्खाण, नियम पाळायची प्रतिज्ञा, घ्यायचं, की मग वर्षभर सुटका नाही. त्यामुळे एरवी दिलदार असलेले नातेवाईक बोलीच्या दिवशी फार विचार करून बोलत.

"बोली लागेल," जितेंद्र शेवटी म्हणाला.

"मग मीपण बोलीन, भाईसा," रोनक म्हणाला आणि खांद्यावरची गिटारची लांबलचक काळी पेटी भिंतीला टेकवून ठेवली. तिच्याकडे घरातल्या सगळ्यांनी असं पाहिलं, की जणू बारशाला कुणी आपली मगर घेऊन आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सगळं खानदान जमलं. जळगावचं ऊन सकाळी नऊलाच असं पडलं होतं, की समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी हळूहळू वितळून गल्लीत उतरेल असं वाटत होतं. दोन कूलर होते, दोन्ही भुवाजींच्या, म्हणजे आत्याच्या, तोंडासमोर. मागच्या बोळातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता आणि माहेरवाशिणी आखाजीची गाणी म्हणत होत्या. झोका लांब गेला की गाणं लांब जायचं, जवळ आला की जवळ यायचं. त्या हेलकाव्यावर हॉलमधले अर्धे लोक बसल्या जागी डुलत होते.

मध्ये चौरंगावर आई, प्रेमकुंवरबाई. वर्षभरात त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की कूलरचा झोत वळला की पदराबरोबर त्याही थोड्या वळल्यासारख्या वाटत. समोर चांदीची वाटी, तिच्यात उसाचा रस, वर झाकण. तपस्व्यानं बोलीत कुणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. झोपल्या होत्या की काय, कळायला मार्ग नव्हता.

बोली चालवायला भुवाजींचे यजमान, चंदनमल फुफाजी. हे बाजार समितीत अडत्या. पन्नास वर्षं मूग, उडीद आणि मिरचीचे लिलाव पुकारलेले. घरात पाणी मागायचं असलं तरी ते "बोला, कोण देतंय?" असं मागत.

"बोला!" फुफाजी गरजले, आणि दोन-तीन माणसं जागी झाली. "वर्षीतपाचा पहिला घोट! माल तुमच्यासमोर आहे!"

"माल काय म्हणता," भुवाजी कूलरमागून म्हणाल्या. "वहिनी आहेत त्या माझ्या."

"एक महिना एकासणं," कुणीतरी बोली उघडली. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. ही नेहमीची पहिली बोली. हिला कोणी मान वर करूनही बघत नाही.

रुचीनं नवऱ्याला कोपर मारलं. "बोला ना. वर्षभर पाणी कुणी उकळलं?"

"अठ्ठाई," जितेंद्र म्हणाला. सलग आठ उपवास.

हॉलमध्ये बरी वाटणारी कुजबुज झाली. नेमीचंद बाबूजींनी लोडाला टेकून मान हलवली. थोरल्या मुलाविषयी त्यांचं मत कायम मान हलवण्याइतकंच असे. धाकट्याचं तर त्यांनी पंचवीस वर्षांत नाव घेतलं नव्हतं. फारच गरज पडली तर 'तो भुसावळकडचा' म्हणत.

भुसावळकडचा म्हणायला कारण होतं. रोनक कॉलेजात असताना बाबूजींनी त्याला दीपनगरला धाडलं होतं, वीज केंद्राच्या वसाहतीत कुणाच्या लग्नाची भांडी पोचवायला. भांडी पोचली. रोनक घरी पोचला नाही. संध्याकाळी टेम्पोवाला एकटाच आला आणि म्हणाला, तुमचा मुलगा तिथं कुंपणाला कान लावून उभा आहे. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होते. अखंड, एकाच सुरात, श्वास न घेता. रोनकला वाटलं, की आपल्या आख्ख्या जिल्ह्याच्या खालून एक सूर चाललाय आणि तो कुणी वाजवतच नाहीये. असं त्यानं नंतर एका मुलाखतीत सांगितलं. त्या वेळी घरी विचारलं तेव्हा तो फक्त "हूं" म्हणाला होता, तेही त्याच सुरात.

महिनाभरानं भुसावळच्या एका निवृत्त गार्डाकडून तो बेस गिटार घेऊन आला. बाबूजींनी ती उलटसुलट करून पाहिली. तारा चार होत्या. "गिटारीला सहा असतात," ते म्हणाले, "बाकीच्या दोन कुठायत?" ही अशीच असते, असं रोनकनं परोपरीनं सांगितलं. बाबूजींना शेवटपर्यंत पटलं नाही. मुलगा गाणंबजावणं करतो याचं दुःख त्यांनी पचवलं असतं, पण नेमीचंदचा मुलगा माल न मोजता घेऊन येतो, हे त्यांना सहन झालं नाही. भांडण त्यावरून पेटलं. त्याच आठवड्यात रोनक कुणाला न सांगता निघून गेला. बाईनं त्या रात्री त्याचं ताट झाकून ठेवलं होतं.

"वर्षीतप!" मागून आवाज आला आणि जितेंद्र भानावर आला. अकोल्याच्या मामांचा मुलगा. स्वतः वर्षभर एकाआड एक उपवास करायला निघाला होता.

"तुला शुगर आहे," त्याची बायको म्हणाली.

"रद्द," फुफाजी म्हणाले. "ओला माल."

"मग मी बोलतो," जितेंद्र म्हणाला. "वर्षीतप. माझं."

रुचीनं त्याच्याकडे अभिमानानं पाहिलं, आणि मग वर्षभर पाणी आता कुणी उकळायचं हे लक्षात येऊन थोडं कमी अभिमानानं पाहिलं. फुफाजींनी हात वर केला. "वर्षीतप एक वार..."

"मी गाणार नाही," रोनक म्हणाला.

तो दारापाशी बसला होता, चपलांच्या ढिगाजवळ. आवाज मोठा नव्हता. पण त्याचा आवाज असा, की धान्याच्या रिकाम्या कोठीत तोंड घालून कुणी बोलावं. तो कानाला कमी आणि बसल्या सतरंजीला जास्त कळायचा.

"म्हणजे?" फुफाजी.

"वर्षभर गाणार नाही. एक ओळसुद्धा नाही. ही माझी बोली."

आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. कूलर फडफडत थांबले. बोळातला झोका करकरला.

जितेंद्रला आनंद व्हायला हवा होता. पंचवीस वर्षं सगळं घर नवस बोलल्यासारखं हेच मागत आलं होतं, की याचं गाणं सुटू दे. आता तो ते चांदीच्या वाटीसाठी सोडायला निघाला होता, आणि जितेंद्रला असं वाटलं, की गर्दीत चालताना आपल्या हातातली पिशवी हलकी लागावी आणि काय पडलं ते कळू नये.

"गाणार नाही म्हणजे?" कुणीतरी चिडून म्हणालं. "रविवारी धुळ्याला काय करणार मग?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलले होते नेमीचंद बाबूजी.

"तुम्हाला काय माहीत धुळ्याचं?" भुवाजींनी विचारलं.

"पोस्टर लागलंय," बाबूजी लोडाकडे बघत म्हणाले. "आपल्याच शटरवर चिकटवलंय कुणीतरी. काढत होतो. निघत नाही."

"ते लागून पंधरा दिवस झाले, दादाजी," चेलना म्हणाली. ही जितेंद्रची मुलगी, बी.कॉम. होऊन घरी बसलेली, आणि घरी बसवलं म्हणून घरातल्यांवर रुसलेली. "वर तुम्ही त्याच्यावर प्लास्टिक लावलंय. पाणी लागू नये म्हणून."

"धूळ बसते," बाबूजी म्हणाले.

रविवारी पांझरेच्या काठच्या मैदानावर 'लोडशेडिंग' परत वाजणार होता. खानदेशात ज्याला ज्याला कान होते त्याला ही बातमी होती. रोनकच्या बँडचं हे नाव. सुरुवातीच्या दिवसांत ते गणेशोत्सवात वाजवत आणि मध्येच लाईट जाई. गिटार गप्प, माईक गप्प, फक्त ड्रमवाला रोहिदास अंधारात बडवत राही आणि रोनक विनामाईक गात राही. लोकांना वाटलं, गाणं असंच बसवलंय. पुढं पुण्या-मुंबईत लाईट जाईना, तेव्हा मुद्दाम घालवावी लागे. गावच्या जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवरचं 'डीपी जळाली माय' हे त्यांचं गाणं तर साक्रीच्या डोंगरातल्या पाड्यांपासून मुक्ताईनगरच्या यात्रेपर्यंत सगळीकडे गेलं. धुळ्याच्या लग्नबँडांनी नुसता तो खालचा सूर धरायला वेगळा भोंगेवाला ठेवला. रिक्षावाल्यांनी मागच्या सीटखाली स्पीकर बसवले; गिऱ्हाईक अर्धा कान आणि पूर्ण कंबर देऊन ऐकू लागलं. साक्रीत पोरांनी एक बँड काढला, त्यात चौघंही बेसच वाजवायचे. गायला कुणीच नव्हतं. तरी त्यांना सुपाऱ्या होत्या.

मग बँड फुटला, जसे बँड फुटतात तसा, आणि इतकी वर्षं रोनक एकटाच कुठे कुठे गात राहिला. आता परत जुळला होता.

जितेंद्रनं यातलं एकही गाणं धड ऐकलेलं नव्हतं. म्हणजे कानानं. पण लग्नसराईत दुकानावरून वरात गेली की भांडी बोलायला लागत. 'डीपी'चं पहिलं कडवं आलं की मोठं पातेलं थरथरे. ध्रुवपदाला ताटांची चळत बोटभर सरके. आणि ज्या गाण्यात रोनक शेवटी एकच सूर धरून बसतो, त्या गाण्याला दुकानातली सगळी झाकणं मिळून अशी हळूहळू माना हलवत, की गिऱ्हाईक भाव करायचं विसरून जाई. भावाचा आख्खा संसार जितेंद्रला स्टीलमधून तोंडपाठ होता. रुची किती वेळा म्हणाली होती, फळीवर रबर अंथरा, आवाज बंद होईल. त्यानं रबर आणलंही होतं. ते माळ्यावर होतं.

"ही बोली ग्राह्य आहे का?" अकोल्याचा मामेभाऊ विचारत होता. "गाणं न म्हणणं हे तप आहे का? मी तर जन्मभर म्हटलेलं नाही."

"ते लोकांवरचे उपकार आहेत," फुफाजी म्हणाले. "याचं वेगळं आहे. याचा तो धंदा आहे." त्यांनी डोळे बारीक केले, मिरची हातात घेऊन बघावी तसे. "वर्षभर गाणं म्हणजे... किती आयंबिलं धरायची? अळणी जेवणाचे किती दिवस?"

मग खानदानातली चार जाणती डोकी एकत्र आली आणि भाव निघू लागला. एक महिना मौनाला किती उपवास, याचा अंदाज होता. पण गाणं बोलण्यापेक्षा जड की हलकं? एक म्हणाला हलकं, कारण गाताना श्वास घ्यायला मिळतो. दुसरा म्हणाला जड, कारण याला दुसरं काही येत नाही. शेवटी फुफाजींनी निकाल दिला, "वर्षभराचं गाणं वर्षीतपाच्या वर आहे. बोली रोनकची. एक वार!"

"थांबा," रुची म्हणाली. तिनं पदर सावरला. "मी वर्षभर नवी साडी घेणार नाही."

जितेंद्र बघत राहिला. "तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"तुम्ही गप्प बसा," रुची म्हणाली. "कोणीतरी वर बोलल्याशिवाय त्याची सुटका आहे का? जिंकला तर पच्चक्खाण घ्यावं लागेल त्याला."

हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. आणि मग त्या तापलेल्या हॉलमध्ये, जिथं पंचवीस वर्षं रोनकचं नाव फक्त उसासा टाकताना निघत होतं, तिथं बोल्यांचा पाऊस पडला. भुवाजींनी वर्षभर तोंडी लावणं सोडलं. मामेभावानं शुगर असताना चालेल असं एक व्रत शोधून काढलं, ते कुणाला कळलं नाही. चेलनानं मोबाईल सोडला. बाबूजी बराच वेळ लोडाचं बोंड पिरगाळत होते, मग म्हणाले, "चहा."

"काय चहा?"

"वर्षभर चहा सोडला."

भुवाजींनी कपाळाला हात लावला. बाबूजी दिवसातून किती चहा घेतात, हे घरात कुणी मोजायच्या भानगडीत पडत नसे. सकाळी पहिला कप मिळेपर्यंत ते आपल्या मुलांनाही ओळखत नसत.

दारापाशी रोनकच्या शेजारी रोहिदास बसला होता. ड्रमवाला, काल रोनकबरोबरच आलेला, साक्रीकडचा. इतका वेळ तो कुतूहलानं बघत होता. आता त्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी बोलू का, नाना? मी तुम्हना धर्मना नही. पन मी वरीसभर मटन सोडी देसू."

हॉलमध्ये मटण हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. तो काही क्षण हवेत तरंगला. प्रेमकुंवरबाईंच्या पापण्या किंचित हलल्यासारख्या वाटल्या.

"याचं वजन कसं धरायचं?" मामेभाऊ हळूच म्हणाला. "आपल्यातलं कुणी कधी सोडलेलंच नाही."

"कसं सोडणार," फुफाजी म्हणाले. "धरलंच नाही." त्यांनी रोहिदासकडे फार आदरानं पाहिलं. "वजनदार बोली आहे. पोरा, अर्ध्यावर तर सोडणार नाहीस ना?"

"सोडानं ते सोडानं," रोहिदास रोनककडे बोट करत म्हणाला. "पन यानी गावाले जोयजे. बठ्ठं धुळं वाट देखी ऱ्हायनं."

"दोन वर्षं," रोनक म्हणाला.

रुची पुढं सरकली.

"रोनक, अरे—"

"दोन वर्षं गाणार नाही. तुम्ही काय करताय ते मला कळतंय, भाभी. पण हा घोट माझा आहे." तो उठून उभा राहिला होता. "त्या रात्री तिनं ताट झाकून ठेवलं होतं. मला पुढं चेलनानं फोनवर सांगितलं, बाईकडून ऐकलेलं. त्यानंतर मी जगात कुठं कुठं जेवलो. तिला मात्र माझ्या हातचं कधी पाणीसुद्धा मिळालं नाही. आज द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे? उपवास मला झेपत नाहीत. दुकान मला जमलं नाही. गळा आहे. तेवढाच आहे. तो देतो. तुम्ही वर बोला, मी त्याच्या वर बोलेन. तीन म्हणा, पाच म्हणा. तुम्ही थांबत नसाल तर मी एकदाचं ज—"

तो 'जन्मभर' म्हणणार होता. हॉलमधल्या प्रत्येकाला तो शब्द त्याच्या दातांमागे उभा असलेला दिसला.

त्या एवढ्याशा वेळात जितेंद्रच्या मनातून बरंच काही तरंगत गेलं. याच्याकडे द्यायला गळा आहे. आपल्याकडे काय आहे? उपवास? ते तर आपण जावळाच्या वयापासून करतोय. उपवास म्हणजे आपल्याला मंगळवारसारखे, येतात आणि जातात. राग सोडावा, तर तो आहे हेच कुणाला माहीत नाही. मग त्याला खालचं दुकान दिसलं. बंद शटरच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी, तीत तरंगणारी धूळ, आणि पितळी पत्र्याची ती जुनी पेटी. तिच्यामागची गादी. त्या गादीत पंचवीस वर्षांच्या बैठकीचा एक खळगा पडला होता आणि तो बरोबर त्याच्या आकाराचा होता. रोनक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबूजींनी त्याला कॉलेजातून बोलावून तिथं बसवलं होतं. विचारलं नव्हतं. तोही काही म्हणाला नव्हता. त्यानंतर त्यानं ती गादी आपल्याला आवडते की नाही याचा कधी विचार केला नाही, जसा आपण आपल्या गुडघ्यांचा करत नाही.

"गल्ला," जितेंद्र म्हणाला.

रोनकचा शब्द तोंडातच राहिला.

"मी वर्षभर गल्ल्यावर बसणार नाही. दुकानाची पायरी चढणार नाही."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. भुवाजींनी कूलर बंद आहे हे विसरून त्याच्याकडे तोंड केलं. या खानदानात आजोबा गेले तेव्हाही गल्ला दुपारपर्यंत उघडा होता, कारण आजोबांनीच तसं सांगून ठेवलं होतं. लोकांनी घर सोडलं होतं, गाव सोडलं होतं, काहींनी संसार सोडून दीक्षा घेतली होती. गल्ला कुणी सोडला नव्हता. दीक्षा घेणाऱ्यानंही आधी तो भावाच्या हाती दिला होता.

"वेड लागलं का तुला?" बाबूजी सरळ बसले. "मग तिथं बसणार कोण?"

"मी," चेलना म्हणाली.

ती इतकी चटकन म्हणाली, की बहुधा बरीच वर्षं म्हणत असावी, फक्त आवाज आज फुटला. बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण अजून सकाळचा दुसरा चहा झाला नव्हता, आणि पुढचं वर्षभर होईल की नाही हे फुफाजींच्या तोंडावर अवलंबून होतं. ते फुफाजींकडे बघत बसले.

इकडे रोनकनं पुन्हा श्वास घेतला. छाती भरली. तो सूर लावण्याआधी घेतो तसा श्वास होता, आणि त्याच्या शेवटी कोणता शब्द आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पण फुफाजींनी बाजार समितीत पन्नास वर्षं उगाच काढली नव्हती. ज्या गिऱ्हाईकाला माल जाऊ द्यायचा नाही, त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आत बोली कशी तोडायची, ही त्यांची विद्या होती.

"गल्लाएकवारदोनवारतीनवार!" ते एका दमात म्हणाले आणि चौरंगाच्या कडेवर थाप मारली. "घोट जितेंद्रचा! झाला सौदा!"

रोनक उघड्या तोंडानं उभा राहिला. मग रोहिदासनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

जितेंद्र चौरंगापाशी गेला. वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आता आला होता. झाकण उचलून त्यानं चौरंगावर ठेवलं. त्यानं वाटी आईच्या ओठांना लावली. प्रेमकुंवरबाईंनी डोळे उघडले. त्यांनी थोरल्या मुलाकडे पाहिलं, अगदी सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. बऱ्याच दिवसांनी कुणी घरी आल्यावर पाहावं तसं. मग घोट घेतला.

बोळातल्या बायकांना कुणीतरी सांगितलं असावं. झोक्यावरचं गाणं एकदम चढलं. हॉलमध्ये जयजयकार झाला. लाईट आली.

पहिल्या घोटानंतर रीतीप्रमाणे सगळेच पाजतात. रांग लागली. बाबूजी, भुवाजी, मामेभाऊ, सगळे चमचा-चमचा रस घेऊन उभे. रोनक सर्वांत मागे उभा होता. त्याचा नंबर येईपर्यंत बाईंच्या पोटात रस मावत नव्हता, पण त्यांनी त्याचा चमचाही घेतला. मग त्याचा हात धरून ठेवला.

"बाई," रोनक म्हणाला. एवढंच.

"आवाज घोगरा येतोय तुझा," त्या म्हणाल्या. वर्षभराच्या तपानं त्यांचा स्वतःचा आवाज फार बारीक झाला होता. सगळे पुढं झुकले. "बसलाय का? रात्री हळद-आलं घेऊन झोप. रविवारी गायचंय ना?"

रोनकनं मान हलवली. ती हलायची थांबेना. शेवटी भुवाजींनी त्याला चौरंगापुढून बाजूला केलं, कारण मागे फोटोवाला उभा होता.

दुपारी दोघे भाऊ स्थानकाच्या पायऱ्या उतरत होते. पच्चक्खाण झालं होतं. महासतींनी गल्ला सोडण्याचा नियम दोनदा विचारून घेतला होता. असा नियम त्यांनी यापूर्वी दिला नव्हता. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं, त्यात दोघांच्या चपला थोड्या रुतून निघत होत्या. जळगाव आमरस खाऊन झोपलं होतं. ऊन इतकं पांढरं होतं की लांबून येणारी सायकल आधी दोन, मग एक, मग कुणाचीच नाही अशी दिसत होती.

जितेंद्रनं खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. क्षणभर हातात तोलला आणि रोनककडे दिला.

"चेलनाला दे. मी दिल्या तर कुणीतरी रडेल."

"कोण? ती?"

"मी."

रोनकनं किल्ल्या घेतल्या. ते काही वेळ चालत राहिले. रोनकला बरंच बोलायचं असावं, कारण तो दोनदा घसा खाकरून थांबला. शेवटी नुसतं म्हणाला, "भाईसा, तुम्ही कधी आलाच नाहीत. एकदाही. रविवारी येता का धुळ्याला?"

"रविवारी?" जितेंद्र म्हणाला. पंचवीस वर्षं जे उत्तर लग्नांना, सहलींना, मुंजींना, स्नेहसंमेलनांना देत आला होता, ते जिभेवर तयारच होतं आणि ते निघालंही. "रविवारी कसं जमणार, दुकान..."

तो थांबला. पुढचा शब्द आला नाही.

रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता.

"किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं.